उजव्या हाताची मुडी

रत्नागिरीच्या इस्पितळातल्या सिस्टर मला म्हणाल्या, "आबा, तुमचं सगळं लिहून काढा. लकवा झालेला माणूस इथं आला की पहिले चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडतो. त्याला मी वाचून दाखवीन."

मी म्हटलं, माझं शिक्षण दुसरीपर्यंत. मास्तरांशी पटलं नाही म्हणून शाळा सोडली, पण त्यांना तोंडावर सांगून सोडली, पळून गेलो नाही.

"मग तर तुम्हीच लिहा," सिस्टर म्हणाल्या.

म्हणून लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे, ते आधीही वाकडंच होतं, त्याचा दोष लकव्याला देऊ नये. ज्याचा हात पडला आहे त्याने हे वाचावं. ज्याचा पडला नाही त्याने वाचलं तरी माझी हरकत नाही.

शिमगा सरला होता

चौऱ्याऐंशी साल. शिमगा नुकताच झाला होता आणि मी राबासाठी कवळ तोडायला गेलो होतो. झाडाच्या कोवळ्या फांद्या तोडायच्या, मोळ्या बांधायच्या, सुकल्या की भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची. हे काम मी धोतर नेसायला लागल्यापासून करत आलो. त्या सकाळी कोयता हातातून गळला. उचलला, पुन्हा गळला. मी हाताला शिवी दिली. हात ऐकेना. मुंग्या आल्या असतील म्हणून झटकला, तर तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा नुसता हलला.

पाय ओढत घरी आलो. आमची बायको सुभद्रा अंगणात शेणी थापत होती. माझं तोंड बघून ती हसायला लागली. मी शिमग्यात दर वर्षी म्हाताऱ्याचं सोंग घेत असे, तोंड वाकडं करून.

"शिमगा सरला, आता पुरे करा ती सोंगं," ती म्हणाली. "पोरं नायत बघायला. तोंड कशाला वाकडं करताव?"

मला सांगायचं होतं, मी करत नाही. पण जीभ वळेना. मग तिचं हसणं थांबलं. शेणाच्या हातानेच तिने मला धरलं.

दारं लावून घेतली

सुभद्राचं माहेर पालीजवळ. निरोप गेला तसा तिचा भाऊ धावत आला. माणूस जिवाचा आहे, पण स्वतःला अर्धा वैद्य समजतो.

"भावोजी, हे वारं हाय," तो म्हणाला. "अंगावरनं वारं गेलं. आता वाऱ्याची फुंकर लागता कामा नाय."

मग त्यांनी माजघराची दारं लावली, फटींत चिंध्या कोंबल्या, आणि मला घोंगडीखाली घातलं. चैत्रातली उष्णता, खाली माणूस की भाकरी हे कळू नये. मेव्हण्याने कुठून तरी पारवा आणला, त्याचं गरम रक्त माझ्या हाताला चोळलं आणि मांसाचं पाणी मला पाजलं. रक्त सुकून चामडं आवळलं, तेव्हा तो म्हणाला, "बगा, हात खेचतोय!"

असे किती दिवस गेले ते मला सांगता येणार नाही, कारण त्या खोलीत दिवस कळतच नव्हता. शेवटी सुभद्रानेच दार उघडलं. भावाला म्हणाली, "वारं लागून मेले तर मरतील, पण असं उकडून मरायला नकोत." आणि शेजारच्या तुकारामाला हाक मारून मला एस.टी.त घातलं.

हे लिहितो ते मेव्हण्याला नावं ठेवायला नाही. त्याला जे माहीत होतं, ते त्याने केलं. पण तुम्ही असं करू नका. कोयता गळला, तोंड वाकडं झालं, की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टर काय म्हणाले

इस्पितळ लहान, एका डॉक्टरांचं. एक लांब खोली आणि तिच्यात लोखंडी खाटा. सकाळी रक्तदाब बघायचा, मग सुई, मग फरशी पुसायला येणाऱ्या बाईची कुरकुर, मग दुपारी शांतता. दुपारच वाईट. भेटायला आलेले निघून गेलेले असतात आणि माणूस आपल्या हाताकडे बघत बसतो. मी तो हात डाव्या हाताने उचलून छातीवर ठेवायचो. थोड्या वेळाने तो घसरायचा. मला भीती वाटत होती. आयुष्यात मी खाडीला, सापाला आणि तलाठ्याला भ्यायलो नाही, पण त्या घसरणाऱ्या हाताला भ्यायलो.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांना मानतो. "पाय चालेल. बोलणं सुधारेल. हाताचं मी वचन देत नाही."

"कधी?" मी विचारलं.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी सुभद्राला विचारलं. माझं बोलणं तेव्हा तिलाच तेवढं कळायचं.

"कधी, म्हणतायत."

"तेच मला माहीत नाही, आबा."

वसंता आला

आमचा मोठा मुलगा वसंत मुंबईला गोदीत कामाला. तार मिळताच आला. खाटेशी उभा राहून आधी रडला, मग रागावला. मुलगे असेच असतात.

"आबा, आता पुरे. तुम्हाला नि आईला घेऊन जातो. खोली लहान आहे, पण दवाखाना जवळ आहे."

मी सुभद्राकडे बघून म्हटलं, "शेत?"

"शेत काय म्हणतायत," तिने सांगितलं.

"पडू दे शेत! निम्म्या वाडीची जमीन पडच आहे. तुम्हा दोघांना खायला लागतं केवढं? मी आणून देतो."

इथं मला थोडं थांबून सांगायला हवं. आमचं शेत खाडीच्या बांधाच्या आत आहे. खारं पाणी झिरपतं. तिथं घरचं लाल भातच उभं राहतं, दुसरं कुठलं टिकत नाही. त्याचं बियाणं विकत मिळत नाही, आपणच दर वर्षी राखायचं. आणि राखायचं म्हणजे मुडीत. पेंढा पसरून त्यात बियाणं ओतायचं, पेंढा चहूबाजूंनी वर घ्यायचा, आणि पेंढ्याचाच वळलेला दोर आवळत आवळत गुंडाळून घट्ट गोळा करायचा, बसक्या कलिंगडासारखा. तो चुलीवरच्या माळ्याला टांगला की धुराने कीड लागत नाही आणि खाडीची ओल आत जात नाही. मुडी सैल झाली तर बियाणं गेलं, बियाणं गेलं तर शेत गेलं. वाडीतले बाकीचे पोत्यात भरायला लागले होते. मी नाही. माझ्या मुडीतून कधी दाणा गळला नाही, हे वाडीत कोणालाही विचारा. तुकारामाला विचारू नका, तो मुद्दाम उलटं सांगेल.

तर मी म्हटलं, "बियाणं?"

त्या शब्दाने वसंता चिडला. माझा पडलेला हात त्याने उचलला आणि सोडला. हात गादीवर पडला.

"ह्या हाताने मुडी बांधणार तुम्ही? बांधून दाखवा! ह्या हाताने मुडी बांधून दाखवा, परत मुंबईचं नाव काढणार नाही!"

मी तोंड सरळ करायला सगळा जोर लावला आणि बोललो.

"काय म्हणाले?" वसंताने विचारलं.

सुभद्रा पदराने माझं तोंड पुसत म्हणाली, "ठरलं, म्हणतायत."

तो हसला नाही. "दिवाळीला येतो," म्हणाला. "तोवर नाही झाली, तर त्याच गाडीने मुंबई. आणि आई, यंदा शेत लावू नकोस, उगाच हाल." एवढं बोलून तो गेला.

तो गेला आणि मला एकदम हलकं वाटलं. का, ते तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. त्या दिवसापर्यंत डॉक्टर सांगतील ते मी करायचो किंवा करायचो नाही, मनाला येईल तसं. त्या दिवसापासून मला विचार करावाच लागला नाही. कोणी काही पुढं केलं की मी एकच विचारायचो, ह्याने मुडी बांधली जाईल काय? जाईल, तर घ्यायचं. नाही, तर नाही.

डावा हात बांधला

सिस्टर डाव्या हातात चमचा द्यायच्या. मी घेत नसे. आमच्यात अन्नाला आणि बियाण्याला डावा हात लावत नाहीत. सिस्टर समजावून थकल्या.

"आबा, देव रागावणार नाही. आजारात चालतं."

"देवाचं नाय," मी म्हटलं. तोवर जीभ थोडी वळायला लागली होती. "डावा शिकला, तर उजवा कशाला उठेल?"

गड्याने सगळं काम उरकलं की मालक बसून राहतो, तसाच हातही. जेवण आलं की मी सुभद्राला सांगायचो, डावा बांध. ती पंच्याने माझा डावा हात पाठीमागे खाटेच्या दांड्याला बांधायची. मग उजवा हात ताटाकडे ढकलायचा, खांद्याने. ताटापेक्षा भात गादीवर जास्त. फरशी पुसणारी बाई म्हणायची, "हे म्हातारं जेवतंय की पेरणी करतंय?"

एकदा डॉक्टर आले आणि त्यांनी हे बघितलं. काय ओरडले! पेशंटला बांधून ठेवता? मग त्यांनी पंचा सोडला, माझ्या उजव्या हाताची बोटं एकेक करून बघितली आणि म्हणाले, "ही दाबा." मी दाबली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, माशी दाबली जाईल इतकंच.

डॉक्टरांनी पंचा सुभद्राच्या हातात दिला. मग म्हणाले, "बांधा. पण पहिले चार घास सिस्टर भरवतील. उपाशी माणसाचा हात उठत नाही."

ते बरोबर होतं. मी तोवर बराच वाळलो होतो. हट्ट करा, पण पोटाला धरून करा.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे कोणीतरी आंब्याची पेटी पाठवली. सिस्टरनी त्या पेटीतला पेंढा गोळा करून माझ्या उशाशी ठेवला. "घ्या, वळा दोर." आंबा कोणीही आणून देतो. पेंढा आणून देणारी मी एकच बघितली. आंब्याच्या वासाच्या त्या पेंढ्यावर मी बोटं फिरवत बसायचो. पेंढ्याचा कचरा खाटेखाली पडायचा आणि फरशीवाली बाई मला, सिस्टरना आणि आंबा पाठवणाऱ्याला, तिघांनाही शिव्या घालायची.

घरी

घरी आल्यावर मेव्हणा दुसरा पारवा घेऊन हजर.

"भावोजी, पहिल्याने निम्मं काम केलं. आता दुसरा."

मी विचारलं, "पारव्याने कधी मुडी बांधली काय?"

"म्हंजे?"

"म्हंजे सोड त्याला."

सोडला बिचाऱ्याने. पारवा आमच्या कौलावर बसून राहिला, त्याला वाटलं अजून काही आहे.

मग लोक बघायला यायला लागले. आमच्याकडे रीत आहे, आजाऱ्याला बघायला यायचं आणि त्याच्यासमोर बसून मेलेल्यांच्या गोष्टी सांगायच्या. अमक्याला असंच झालं, तो तीन वर्षं अंथरुणात कुजला. मी येईल त्याच्या हातात पेंढ्याच्या दोराचं टोक द्यायचो आणि म्हणायचो, धर. मी वळतो. तो धरून बसायचा. हात अवघडले की गोष्ट आटोपती घ्यायचा. हळूहळू बघणारे कमी झाले. जे येत राहिले ते चांगले होते.

बिडी डॉक्टरांनी बंद केली. जिवासाठी मी ती सोडली नसती, खोटं कशाला सांगू. पण ते म्हणाले होते, पुन्हा झटका आला तर उरलेली बोटंही जातील. मुडीसाठी सोडली. मीठही तसंच. सुका बांगडा भाजल्याचा वास शेजारून आला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. सुभद्रा अळणी पेज पुढं करायची आणि म्हणायची, "घ्या. ह्याने मुडी बांधली जाते."

ते वाक्य तिने पुढं माझ्यावरच उलटवलं. "आंघोळीला उठताव काय, की आंघोळीने मुडी बांधली जात नाय?" "गोठ्यातली गाय हंबरतेय. पण तिचं काय, ती मुडी थोडीच बांधते?"

मी हसण्यावारी नेत होतो. पण एक दिवस ती हसली नाही.

भातलावणीचे दिवस होते. वसंताने नको म्हटलं असताना तिने मागच्या वर्षीच्या मुडीतलं बियाणं रुजवून खारातलं शेत लावायला काढलं होतं, दोन बायका सोबतीला घेऊन. चिखलाने कमरेपर्यंत माखून ती आली. मी पडवीत दोर वळत बसलो होतो. म्हटलं, "दोराचं टोक जरा धर गो."

तिने डोक्यावरचं पावसाचं इरलं खाली टाकलं. "तुमाला मुडी दिसते. मी दिसत नाय. मुडीत घालायचं भात कोण लावतंय? मुडीने लावलंन?"

चुकलो म्हणायची मला सवय नाही. पण बसून विचार केला. ती थकून पडली, तर भात नाही आणि भात नाही तर मुडीत काय भुसा भरू? म्हणजे तिचा भार उतरवणं हेही मुडीचंच काम होतं. दुसऱ्या सकाळी मी ताकाच्या डेऱ्यापाशी बसलो. रवीच्या दोरीचं एक टोक डाव्या हातात, दुसरं उजव्या मनगटाला गुंडाळलं आणि घुसळायला लागलो. एकदा डावा ओढायचा, एकदा उजवा. उजवा ओढायला लागला की रवी अडायची, मग खांदा मागे टाकायचो.

तुकाराम बांधावरून जाताना थांबला. "काय आबा, ताक घुसळताव? लुगडं कधी नेसणार?"

"लुगडं नेसून पण मी मुडीच बांधीन," मी म्हटलं. "तू धोतर नेसून पोत्यात भरतोस."

सुभद्रा आतून हसली. पुष्कळ दिवसांनी.

ताक मी आजही घुसळतो. लोणी तिच्यापेक्षा जास्त निघतं. ती कबूल करत नाही.

फुटली

श्रावणात मी भाताच्या तुसावर एक मुडी बांधून बघितली. अर्ध्यावर आली आणि दोर सुटला. सगळा तूस पडवीभर. कोंबड्यांना वाटलं सण आहे.

त्यानंतर मी पेंढ्याला हात लावला नाही. पडून राहायचो. हात परत आला होता तो एवढाच, आणि एवढ्यावर मुडी होत नाही, हे मला दिसलं होतं. वसंताला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. त्या दिवसांत डाव्या हाताने जेवलो. लिहायला जड जातं, पण जेवलो.

सुभद्राने ते दोन वेळा बघितलं. मग पेंढ्याची पेंढी आणून माझ्या अंथरुणावर ठेवली आणि शेजारी बसली.

"मी मागं एकदा वसंताकडे महिनाभर राहून आलंय," ती म्हणाली. "सून चांगली हाय. नळाला पाणी हाय. पण सकाळी उठून मी काय करायचं, ते मला तिथं कळलं नाय. चहा झाला की बसायचं. मंग जेवण झालं की बसायचं." पेंढी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मला कोणी विचारलं नाय. तुमी दोघांनी ठरवलंत. पण विचारलं असतं तर सांगितलं असतं, भात उभं हाय. येऊन बगा तरी."

मी काठी घेऊन बांधापर्यंत गेलो. आजारानंतर पहिल्यांदाच. भात गुडघ्यावर आलं होतं. खाडीच्या कडेचं पाणी लागूनही काळंभोर हिरवं. एका बाईने लावलेलं ते शेत. मी खूप शेतं बघितली, पण त्या शेतासारखं दुसरं नाही.

परत येऊन मी डावा हात बांधून जेवलो.

मग मी युक्ती बदलली. बोटांनी दोर धरत बसायचं नाही. दोर तळव्याला एक वेढा घेऊन मनगटावरून काढायचा आणि ओढ खांद्याने द्यायची. बोटं फक्त वाट दाखवतील. त्या हाताला लागलेलं कळत नव्हतं, त्यामुळे सालटं गेली तरी मला पत्ता नव्हता. रक्त दोरावर दिसलं तेव्हा कळलं. तपासायला गेलो तेव्हा डॉक्टर पट्टी बांधताना रागावले.

"आबा, हात वाचवायचा आहे की मुडी?"

"हात मुडीसाठीच तर वाचवला," मी म्हटलं.

सिस्टर मागे वळून हसल्या. डॉक्टरांनी जुन्या चादरीचा जाड पट्टा फाडून दिला, तळव्यावर गुंडाळायला. तुमच्याही हाताला बधिरपणा असेल तर रोज डोळ्यांनी तो बघत जा. डोळ्यांनी बघाल तेव्हाच कळेल.

दिवाळी

भात कापून, झोडून, वाळवून झालं. वसंता आला. अंगणात बॅग ठेवली आणि पहिलं मला चालताना बघितलं, मग पडवीत पसरलेल्या भिजवलेल्या पेंढ्याकडे. चहा घेतला. म्हणाला, "आबा, तेव्हा मी रागात बोललो. ते धरून बसू नका."

"मी धरूनच बसलो म्हणून उठलो," मी म्हटलं. "बस तिथं."

पेंढा पसरला. सुभद्राने सुपातून बियाणं ओतलं, उजव्या हाताने सारखं केलं आणि बाजूला झाली. तुकाराम बांधावरचं काम सोडून आला होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

आधी मी एक मुडी बांधून पान खायला उठायचो तोवर उन्ह हललेलं नसायचं. त्या दिवशी सकाळी बसलो तो उन्ह पडवीतून पार उतरून गेलं. पेंढा वर घेतला, पहिला वेढा टाकला, पायाने दाबला, डाव्याने गोळा फिरवला, उजव्या खांद्याने दोर ओढला. पुन्हा फिरवला. घाम डोळ्यांत. एकदा दोर तळव्यावरून घसरला आणि वसंता हात पुढं करून उठला.

"बस!" मी असा ओरडलो की तुकारामही बसला.

घसरलेला वेढा पुन्हा घेतला. उजव्या बाजूला हाताची ओढ कमी पडत होती, ते मला दिसत होतं. तिथं जास्त वेढे टाकले. शेवटचा वेढा आत खोवला, लाकडी मोगराने मुडी चहूबाजूंनी ठोकली, आणि मग मी भिंतीला टेकलो. हात थरथरत होता. थरथरणारा का असेना, हात होता.

मुडी गोल नव्हती. डावीकडून कलिंगड आणि उजवीकडून फणस. तुकारामाने तोंड उघडलं. सुभद्राने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं.

वसंता उठला. त्याने मुडी दोन्ही हातांनी उचलली, डोक्याच्या वर नेली आणि अंगणात सोडली. दणकन पडली, एक लोळण घेतली आणि थांबली. तो खाली बसला. सारवलेल्या जमिनीवर हात फिरवून बघितलं. मुडी उलटी करून बघितली, पुन्हा सुलटी. किती तरी वेळ तो दाणा शोधत होता. शेवटी त्याने रिकामा हात आईला दाखवला.

मुंबईचा विषय त्याने काढला नाही. मुडी खांद्यावर घेऊन तो आत गेला, पाटावर चढला आणि चुलीवरच्या माळ्याला ती टांगायला लागला. टांगताना त्याने ती फिरवली, फणसाची बाजू भिंतीकडे आणि गोल बाजू दाराकडे. पोरगं शहाणं आहे, बापाची लाज राखत होतं.

"उलटी टांग," मी खालून म्हटलं.

"आबा, वाकडी बाजू दिसेल मग."

"दिसू दे. ती बाजू उजव्या हाताची हाय. घरात येईल त्याला आधी ती दिसली पायजे."